भावकीतला राखणदार : पीचच्या मुळावरची गाठ आणि के-८४

रोप उपटल्याशिवाय हा रोग दिसत नाही, हीच त्याची पहिली खोच. रोपवाटिकेत पीचचे रोप हंगामभर छान वाढते. पाने हिरवीगार, शेंडा जोमात. विक्रीसाठी रोपे काढायला घेतली आणि मुळांची माती झटकली, की बुंध्याशी किंवा एखाद्या जाड मुळावर खडबडीत गाठ हाताला लागते. कधी वाटाण्याएवढी, कधी मुठीएवढी. कोवळी असताना फिकट आणि मऊसर, जुनी झाली की काळपट, भेगाळलेली, लाकडासारखी टणक. असे रोप विकायच्या लायकीचे राहत नाही. कोणी लावलेच तर गाठ अन्नपाण्याच्या वाटेत ठाण मांडून बसते आणि झाड खुजे राहते. शिवाय गाठीतून सुटलेले जिवाणू त्या जमिनीत पुढच्या रोपांची वाट पाहत राहतात.

या रोगाचे नाव क्राऊन गॉल. पीच, बदाम, जर्दाळू, प्लम, चेरी या टणक आठळीच्या फळझाडांना त्याचा त्रास फार. सफरचंद, नासपती, अक्रोड, रास्पबेरी, गुलाब आणि द्राक्षवेलही त्यातून सुटत नाहीत. गाठीमागे जिवाणू आहे हे १९०७ साली अमेरिकेत अर्विन स्मिथ आणि टाउन्सेंड यांनी दाखवून दिले. त्यानंतर साठ वर्षे उलटली तरी रोपवाटिकावाल्यांच्या हातात धड उपाय नव्हता. गाठी आलेली रोपे जाळायची, जागा बदलायची आणि पुढच्या वर्षी नशीब अजमावायचे, एवढेच.

इथे मांडलेले प्रकरण दक्षिण ऑस्ट्रेलियातले आहे. ॲडलेड विद्यापीठाच्या वेट कृषी संशोधन संस्थेत ॲलन कर हे वनस्पतिरोगतज्ज्ञ १९६० च्या दशकाच्या अखेरीस आठळीच्या फळझाडांवरील क्राऊन गॉलच्या मागे लागले, आणि त्यातून मातीतल्या एका निरुपद्रवी जिवाणूला कामाला लावण्याची पद्धत निघाली. जमिनीतल्या उपयुक्त जिवाणूंबद्दलचे बोलणे पुष्कळदा ‘टाका, झाड जोम धरते’ एवढ्यावर आटोपते. कोणता जिवाणू, कोणाविरुद्ध, कुठल्या जागी, कुठल्या क्षणी, हे विचारले की समोरचा गप्प होतो. या प्रकरणात या चारही प्रश्नांना नेमकी उत्तरे आहेत, म्हणून ते निवडले. त्यातला शेवटचा प्रश्न, वेळेचा, मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

गाठ कशी बनते

उपाय समजायचा तर आधी रोगाची करामत समजली पाहिजे, आणि ती आहेही अफलातून.

रोगकारक जिवाणूचे जुने, सर्वांना ठाऊक असलेले नाव ॲग्रोबॅक्टेरियम ट्युमेफेशियन्स. तो मातीत, मुळांच्या आसपास राहतो. धडधाकट सालीतून त्याला आत शिरता येत नाही, त्याला जखम लागते. बी रुजताना कवच फुटते, नवे उपमूळ साल फाडून बाहेर येते, खुरपे लागते, कलम बांधले जाते, आणि सर्वांत मोठी जखम म्हणजे रोप काढताना तुटलेली व नंतर छाटलेली मुळे. जखमेतून झिरपणाऱ्या फिनॉल वर्गातल्या रसायनांचा माग काढत जिवाणू तिथे पोचतो, पेशीला चिकटतो आणि आपल्या जनुकांचा एक तुकडा वनस्पतीच्या पेशीत सोडतो.

हा तुकडा असतो जिवाणूच्या टीआय प्लाझ्मिडवर. प्लाझ्मिड म्हणजे मुख्य गुणसूत्राबाहेरचे, सुटे, वर्तुळाकार डीएनए. गाठ निर्माण करण्याची शक्ती या मोठ्या प्लाझ्मिडमध्ये आहे, हे बेल्जियममधील गेंट येथे जेफ शेल आणि मार्क व्हान माँटाग्यू यांच्या गटाने १९७४ मध्ये दाखवले. त्यातला नेमका तुकडा वनस्पतीच्या डीएनएत जाऊन बसतो, हे मेरी-डेल चिल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये सिद्ध केले. त्या तुकड्यावर दोन प्रकारची जनुके असतात. एक गट ऑक्सिन आणि सायटोकायनिन ही वाढीची संप्रेरके बेसुमार बनवायला लावतो, त्यामुळे पेशी नुसत्या विभागत सुटतात आणि गाठ होते. दुसरा गट पेशीला ओपाइन नावाची संयुगे बनवायला लावतो. ती वनस्पतीच्या काहीच कामाची नसतात, आणि मातीतल्या बहुतेक जिवाणूंनाही खाता येत नाहीत. खाता येतात ती मुख्यतः गाठ करणाऱ्या जिवाणूला. म्हणजे पाहुण्याने यजमानाच्या घरात स्वतःच्या आवडीचे स्वयंपाकघर थाटले, शिधा यजमानाचा आणि ताट फक्त पाहुण्याचे.

यातून व्यवहाराची एक कठोर गोष्ट निघते. जनुके एकदा पेशीत गेली की गाठ वाढायला जिवाणूची गरज उरत नाही. आर्मिन ब्राउन यांनी १९४० च्या दशकातच जिवाणूविरहित गाठीच्या पेशी वाढवून ते दाखवले होते. त्यामुळे गाठ दिसल्यावर कोणतेही जिवाणूनाशक ओतून ती जात नाही. चोराचे काम केव्हाच उरकलेले असते. जे करायचे ते जखम ताजी असताना, जिवाणू तिथे पोचायच्या आत.

मोजणीतून निघालेला धागा

कर आणि त्यांचे सहकारी पीटर न्यू यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामातली मला आवडणारी गोष्ट म्हणजे त्याची सुरुवात. ती औषधाच्या शोधातून झाली नाही, मोजणीतून झाली. ॲग्रोबॅक्टेरियम कुळातले सगळेच जिवाणू गाठ करत नाहीत. टीआय प्लाझ्मिड नसलेले, निरुपद्रवी भाऊबंद त्याच मातीत मोठ्या संख्येने असतात, आणि ते त्या काळी ॲग्रोबॅक्टेरियम रेडिओबॅक्टर या नावाने ओळखले जात. आता प्रश्न असा : गाठ आलेल्या पीचच्या झाडाभोवती आणि निरोगी झाडाभोवती या दोन भावांचे प्रमाण सारखे असते का?

ते सारखे नव्हते. रोगट झाडांच्या मुळांशी रोगकारकांचे पारडे जड होते आणि निरोगी झाडांच्या मुळांशी निरुपद्रवींचे. इथे घाई करून निष्कर्ष काढता आला असता, पण तो धोक्याचा होता. निरुपद्रवी जास्त म्हणून झाड निरोगी, की झाड निरोगी म्हणून तिथे रोगकारकांना ओपाइनची मेजवानी नाही आणि म्हणून निरुपद्रवी जास्त? नुसत्या मोजणीतून याचा उलगडा होत नाही. म्हणून काचघरात प्रयोग झाले. पीचच्या झाडाभोवतीच्या मातीतून वेगळा केलेला एक निरुपद्रवी प्रकार, क्रमांक ८४, रोगकारकाबरोबर मुद्दाम जखमेवर सोडला. दोघांची संख्या बरोबरीची असली तरी गाठ रोखली जात होती. पुढे हाच प्रकार के-८४ म्हणून ओळखला गेला. अलीकडच्या वर्गीकरणात त्याला रायझोबियम रायझोजीन्स या जातीत टाकले आहे, पण रोपवाटिकेत त्याचे जुने नावच चालते.

त्याच वर्षी कर यांनी बीजप्रक्रियेचे प्रयोग प्रसिद्ध केले. पीचच्या बियांना के-८४ चे संवर्धन, म्हणजे मुद्दाम वाढवलेले जिवंत जिवाणू, लावायचे आणि मग त्या रोगकारक असलेल्या मातीत पेरायच्या. बी रुजते, कवच फुटते, मूळ बाहेर पडते, आणि त्या पहिल्या जखमांवर राखणदार आधीच हजर. प्रक्रिया केलेल्या रोपांत गाठींचे प्रमाण स्पष्टपणे घटले. १९७३ पासून ऑस्ट्रेलियातल्या रोपवाटिका के-८४ वापरू लागल्या. पुढे अमेरिकेतही ते ‘गॉलट्रोल’ या नावाने बाजारात आले, आणि इतर कित्येक देशांत पोचले. क्षेत्रात तपासलेल्या एका मातीतल्या जिवाणूचा शोध ते विक्रीयोग्य उत्पादन हा प्रवास एवढ्या कमी वेळात झाल्याची उदाहरणे या विषयात थोडी आहेत.

विष कोणाच्या दारातून जाते

के-८४ गाठ का रोखतो, याचे उत्तर कर आणि टे यांनी १९७४ मध्ये दिले : तो एक प्रतिजैविक बनवतो. त्याचे नाव ॲग्रोसिन-८४. १९७७ ते १९७९ या काळात ॲडलेडमध्येच त्याची रासायनिक रचना उलगडली. ते ॲडेनिन न्यूक्लिओटाइडची नक्कल आहे. डीएनएच्या विटेसारखे दिसणारे, पण वीट नसलेले.

साधारण प्रतिजैविक दिसेल त्याला मारते. ॲग्रोसिन-८४ तसे नाही. ते के-८४ ला मारत नाही, मातीतल्या इतर असंख्य जिवाणूंना मारत नाही, मारते ते विशिष्ट गटाच्या टीआय प्लाझ्मिडधारी रोगकारकांनाच. हा नेमकेपणा कुठून आला?

गाठीत बनणाऱ्या ओपाइनांपैकी एक म्हणजे ॲग्रोसिनोपाइन, साखरेचे एक फॉस्फेटयुक्त संयुग. ते आत ओढून घेण्यासाठी रोगकारकाच्या पेशीवर खास दार असते, आणि त्या दाराची जनुके टीआय प्लाझ्मिडवरच असतात. ॲग्रोसिन-८४ च्या एका टोकाला साखर-फॉस्फेटचा असा तुकडा जोडलेला आहे की त्या दाराला ते ॲग्रोसिनोपाइनच वाटते. रोगकारक ते अन्न समजून आत घेतो. आत गेल्यावर तो दिखाऊ तुकडा तुटतो आणि उरलेला भाग विष म्हणून मोकळा होतो. २००५ मध्ये कळले की हे विष ल्युसिन हे अमिनो आम्ल प्रथिनाच्या कारखान्यात पोचवणाऱ्या एन्झाइमवर घाव घालते. ल्युसिनशिवाय प्रथिने नाहीत, प्रथिनांशिवाय पेशी नाही. के-८४ स्वतः का मरत नाही? त्याच्याकडे त्याच एन्झाइमची दुसरी, विषाला न जुमानणारी आवृत्ती आहे.

म्हणजे ज्या प्लाझ्मिडमुळे जिवाणूला गाठ करता येते आणि गाठीतले अन्न खाता येते, त्याच प्लाझ्मिडने विषासाठी दार उघडून ठेवले आहे. गुन्हा आणि शिक्षा एकाच वर्तुळावर कोरलेली. जीवशास्त्रात अशी काव्यात्म जुळणी क्वचितच सापडते, आणि सापडली की संशय घ्यावासा वाटतो. पण ही जुळणी तपासून पाहिलेली आहे.

सगळे श्रेय ॲग्रोसिनला देणेही बरोबर नाही. के-८४ मुळांवर चांगला ठाण मांडतो, जखमेवरची जागा अडवतो, ॲग्रोसिन-४३४ नावाचा आणखी एक पदार्थही बनवतो. ॲग्रोसिन-८४ ला दाद न देणाऱ्या काही रोगकारकांवरही त्याचा थोडाफार परिणाम प्रयोगांत दिसला आहे. पण भरवशाचा परिणाम ॲग्रोसिन-८४ मुळेच मिळतो.

वापरातल्या चुका

पद्धत सोपी आहे, म्हणूनच तिच्यात गफलती होतात. संवर्धन पाण्यात कालवून मिलिलिटरमागे कोटीच्या घरात जिवंत पेशी राहतील असे द्रावण करायचे आणि त्यात बिया, छाटे किंवा रोपांची मुळे बुडवून काढायची. जिवंत या शब्दावर जोर. क्लोरिनयुक्त पाणी, कडक ऊन, जंतुनाशकाचा वास असलेली बादली, आठवडाभर तापलेल्या गोदामात पडलेले संवर्धन, यातले काहीही पेशी मारायला पुरते, आणि मेलेल्या पेशींचे द्रावण दिसायला अगदी जिवंतांसारखेच असते. मुळे काढून, छाटून, दोन दिवस तशीच ठेवून मग बुडवली तर तोवर जखमेचा निकाल लागलेला असू शकतो. बुडवून काढलेली मुळे वाऱ्यात सुकू दिली तर राखणदार सुकतो.

सर्वांत मोठी चूक मात्र वेगळी. गाठ आलेले रोप ‘बरे करायला’ बुडवणे. वर सांगितलेल्या कारणाने त्याचा काडीइतका उपयोग नाही. असे रोप मुळांसकट काढून नष्ट करावे, आणि ते कापलेल्या कात्रीने दुसरे रोप छाटू नये.

इथे थोडे आडवळण घेतो. फळझाडांची वाढ सुधारण्यासाठी वापरले जाणारे इतर जिवाणू, ॲझोस्पिरिलम, बॅसिलस, स्यूडोमोनास वगैरे, यांचे काम पुष्कळदा वेगळ्या वाटेने चालते. कोणी मातीत अडकलेला स्फुरद विरघळवतो, कोणी लोह पकडणारी संयुगे सोडतो, कोणी मुळाशी ऑक्सिन बनवून उपमुळे वाढवतो. त्यातले ऑक्सिन तेच, ज्याच्या अतिरेकाने क्राऊन गॉलची गाठ होते. संप्रेरक तेच, मात्रा आणि ताबा वेगळा. मुळाशेजारी बाहेरून थोडे मिळाले तर फुटवे, पेशीच्या आतून बेलगाम सुरू झाले तर गाठ. ‘हा जिवाणू ऑक्सिन बनवतो, म्हणजे चांगला’ असे कोणी ठासून सांगितले की मला ही गाठ आठवते. के-८४ झाडाची वाढ वाढवतो असे म्हणणे सैल होईल. तो वाढीचे नुकसान होऊ देत नाही. बाग लावणाऱ्याला दोन्हींतला फरक झाड बघून कळणार नाही, पण कोणता जिवाणू कधी वापरायचा हे ठरवताना तो कळलाच पाहिजे.

राखणदाराचे हत्यार चोराच्या हाती

ॲग्रोसिन-८४ बनवण्याची जनुके आणि त्यापासून स्वतःला वाचवण्याची जनुके के-८४ च्या एका छोट्या प्लाझ्मिडवर आहेत, त्याचे नाव पीएजीके-८४. हे प्लाझ्मिड एका जिवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकते. ते रोगकारकाकडे गेले तर? तो विष बनवू लागेल, पण त्याहून वाईट म्हणजे विषाला अजिबात दाद देणार नाही. के-८४ चा प्रभाव ओसरल्याची आणि असे रूपांतरित रोगकारक आढळल्याची नोंद १९७९ मध्ये ग्रीसमधून आली. ऑस्ट्रेलियातल्या बागांत आपत्ती कोसळली होती असे नाही, पण कर यांनी ती कोसळायची वाट पाहिली नाही.

अमेरिकेतले स्टीफन फॅरँड आणि ॲडलेडचा गट यांनी पीएजीके-८४ मध्ये स्थलांतराची जनुके कुठे आहेत ते शोधले आणि तो भाग कापून टाकला. ॲग्रोसिन बनवणारा भाग तसाच ठेवला. बाहेरचे एकही जनुक घातले नाही. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेला हा प्रकार म्हणजे के-१०२६. गाठ रोखण्यात तो के-८४ च्या तोडीचा ठरला, फक्त प्लाझ्मिड पुढे सरकवणे त्याला जमत नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तो ऑस्ट्रेलियात ‘नोगॉल’ नावाने विकला जाऊ लागला. जनुकीय बदल केलेला जिवंत सूक्ष्मजीव पीकसंरक्षणासाठी खुल्या बाजारात येण्याचा जगातला हा पहिला प्रसंग मानला जातो.

जनुकीय बदलाच्या चर्चेत काय ‘घातले’ यावर सारा गोंधळ असतो. इथे काय ‘काढले’ हा मुद्दा होता, आणि काढल्याने मूळ जिवाणूपेक्षा धोका कमी झाला. तरीही त्यावर बदललेल्या सजीवाचा शिक्का बसला तो बसलाच. नैसर्गिक के-८४ पसरवायला मोकळीक आणि अधिक सुरक्षित के-१०२६ ला चौकशा, अशी उलटी गंगा अनेक ठिकाणी वाहिली. नियम पद्धतीला धरून केलेले असले, परिणामाला धरून नव्हे, की असे होते. १९९० मध्ये पहिले ऑस्ट्रेलिया पारितोषिक कर, यूजीन नेस्टर आणि जेफ शेल यांना विभागून मिळाले. तिघांनी एकाच जिवाणूच्या वेगवेगळ्या बाजू पाहिल्या होत्या. शेल आणि नेस्टर यांच्या कामातून पुढे वनस्पतींत जनुके घालण्याचे तंत्र उभे राहिले, आणि कर यांच्या कामातून रोपवाटिकेतली बादली.

द्राक्षवेलीपाशी अडलेली गाडी

के-८४ सर्वत्र चालत नाही. ऑक्टोपिन नावाचे वेगळे ओपाइन बनवून घेणाऱ्या गटाचे रोगकारक त्याला सहसा दाद देत नाहीत, कारण त्यांच्या प्लाझ्मिडवर ते दारच नसते. म्हणून नव्या भागात वापरण्याआधी तिथल्या गाठींतून रोगकारक वेगळे करून ॲग्रोसिनसमोर तपासून पाहणे शहाणपणाचे. ही तपासणी प्रयोगशाळेत अवघड नाही. के-८४ ची ठिपक्याएवढी वसाहत वाढवून भोवती रोगकारक पसरायचा. रोगकारक हळवा असेल तर ठिपक्याभोवती स्वच्छ वर्तुळ उमटते.

द्राक्षाच्या बाबतीत मात्र अडचण दुहेरी. तिथला रोगकारक, ॲग्रोबॅक्टेरियम व्हायटिस, वेगळ्या जातीचा असून के-८४ ला जुमानत नाही. शिवाय तो वेलीच्या आत, पाणी वाहणाऱ्या नलिकांत राहतो. निरोगी दिसणाऱ्या छाट्यातून तो शांतपणे नव्या बागेत जातो आणि थंडीने खोडाला तडे गेले की गाठ उभी करतो. बाहेरून मुळे बुडवून आत बसलेल्याला काय होणार? दक्षिण आफ्रिकेत द्राक्षवेलीतून मिळालेल्या एफ-२/५ या निरुपद्रवी व्हायटिसने प्रयोगांत द्राक्षावरच्या गाठी रोखल्या आहेत. पण त्याची तऱ्हा ॲग्रोसिनची नाही, आणि तो स्वतःही द्राक्षाच्या जखमी पेशींना थोडे जाळतो. जपानमध्येही असेच काही निरुपद्रवी प्रकार तपासले गेले. द्राक्ष उत्पादकांचा मुख्य भर अजून रोगमुक्त मातृवेली, छाट्यांना गरम पाण्याची प्रक्रिया आणि थंडीपासून बुंध्यांचे रक्षण यांवरच आहे. गरम पाण्याने आतले जिवाणू कमी होतात, पण पूर्ण जात नाहीत.